नागमोडी रेघ

‘नायक’ हा शब्द ‘नी’ या धातूपासून झाला आहे. जो नेतो तो नायक. परंतु नेणारा म्हणजे सर्वांच्या पुढें निशाण घेऊन धांवणारा, असा जो समज सभांतून आणि कचेऱ्यांतून रूढ झाला आहे, तो मला कधींच पटला नाहीं. गाडीवान बैलांच्या मागें बसतो, आणि गाडी नेतो तोच. हाताखालच्या मंडळींकडून त्यांच्या नेहमींच्या कुवतीहून सरस काम कसें घडतें, हा प्रश्न शाळेंत असतांना माझ्या मनांत वारंवार येई. त्याचें मला सांपडलेलें उत्तम उदाहरण रणांगणावरचें नाहीं, राजकारणांतलेंही नाहीं; तें आहे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतलें.

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आरंभ तेथें १ एप्रिल १९१९ रोजीं सर रामकृष्णपंत भांडारकरांच्या हस्तें झाला. १९२३ सालीं उत्गीकरांनीं विराटपर्वाचा एक नमुना छापून विद्वानांपुढें ठेवला. १९२५ मध्यें डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर मुख्य संपादक झाले. हे गृहस्थ केंब्रिजला गणित शिकलेले आणि मग बर्लिनला ल्यूडर्स यांच्यापाशीं संस्कृताचें अध्ययन केलेले. गणिताची शिस्त आणि व्याकरणाचा व्यासंग एका ठिकाणीं आला, हें महाभारताचें भाग्यच म्हणावयाचें.

काम कसें चाले तें पाहण्यासारखें आहे. आडव्या-उभ्या रेघांनीं आंखलेला एक मोठा कागद घ्यावयाचा. वरच्या ओळींत श्लोक, एका चौकटींत एक अक्षर याप्रमाणें, लिहावयाचा. मग एकेक पोथी समोर ठेवून जेथें तिचें अक्षर वेगळें असेल, तेवढेंच त्या अक्षराच्या खालच्या चौकटींत नोंदावयाचें. पोथ्या शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ आणि मल्याळम् अशा नाना लिपींतल्या. एकट्या आदिपर्वासाठीं साठांच्या आसपास पोथ्या उपयोगांत आणल्या गेल्या. हें टिपण करणारे शास्त्री आणि पदवीधर त्यासाठीं खास तयार केलेले होते.

येथें खरी अडचण अज्ञानाची नसते, ज्ञानाची असते. मी वर्गांत कधीं कधीं मुलांना पाठ असलेला श्लोक मुद्दाम एक शब्द बदलून सांगत असें. हुशार मुलें कानावर पडलेला शब्द न लिहितां मनांतला लिहीत. ढ मुलेंच बिचारीं बरोबर लिहीत! ज्या शास्त्र्याच्या जिव्हाग्रीं भारत आहे, त्याला लेखकाचा प्रमाद समोर दिसत असतां तो जसाच्या तसा उतरून घ्या, सुधारूं नका, असें सांगणें म्हणजे त्याच्या विद्येला लगाम घालणेंच. तो लगाम आज्ञेनें घातला असता तर टिकता ना. तो त्या चौकटींच्या कागदानें घातला. आणि कागदाशीं कोणाचा मानापमान होत नाहीं.

युरोपांत ग्रीक-लॅटिन ग्रंथांसाठीं पोथ्यांची वंशावळ लावून मूळ पाठ शोधण्याची रीत होती. सुकथनकर तीच शिकून आले होते. पण भारताच्या पोथ्या शतकानुशतकें एकमेकींशीं ताडून लिहिलेल्या; त्यांचे वंश मिसळून गेलेले. तेव्हां जेथें उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची परंपरा परस्परांशीं संबंध नसतांही एकच पाठ सांगते, तेथें त्या साक्षीला सर्वांत अधिक मान द्यावयाचा, असा दंडक त्यांनीं घातला. गुरूची रीत ग्रंथाला लागू पडत नाहीं असें दिसतांच ती बदलण्याचें धैर्य फार थोड्या शिष्यांपाशीं असतें.

मला मात्र या सर्वांहून एक बारीकशी गोष्ट अधिक मोलाची वाटते. छापील पानावर जेथें पाठ पुरता निश्चित नाहीं, तेथें त्या अक्षरांखालीं एक नागमोडी रेघ दिलेली असते. म्हणजे मुख्य संपादकानें आपली शंका स्वतःच जगापुढें छापून टाकली. ज्याच्या हाताखालीं मीं कांहीं वर्षें काढलीं, त्या एका मुख्याध्यापकांच्या तोंडून ‘मला ठाऊक नाहीं’ हे शब्द कधीं बाहेर पडले नाहींत. परिणाम असा झाला कीं आम्ही शिक्षकही त्यांच्यापुढें सर्व कांहीं ठाऊक असल्यासारखे बसूं लागलों. जेथें वरिष्ठच शंकेवर रेघ ओढतो, तेथें खालचा माणूस आपली शंका लपवीत नाहीं. आणि असल्या कामांत लपलेली शंका म्हणजे लपलेली चूकच.

हा दंडक आवडीनिवडीलाही सोडीत नव्हता. गणपतीनें भारत लिहून घेतल्याची कथा या आवृत्तींत मूळ संहितेंत नाहीं, परिशिष्टांत आहे. आमच्या वहिनींना हें कळलें तेव्हां त्या संतापल्या. “भावजी, ज्यानें ग्रंथ लिहिला त्यालाच बाहेर बसवलेंत होय?” त्यांचा चतुर्थीचा उपवास आजवर चुकलेला नाहीं. मीं ग्रंथालयांतून तो खंड आणून त्यांना परिशिष्टांतलें पहिलेंच प्रकरण दाखविलें. एकही श्लोक टाकलेला नाहीं. उपरा ठरलेला छोटा मजकूर तळटिपेंत, मोठा परिशिष्टांत. त्यांनीं तें शेवटपर्यंत वाचून घेतलें आणि म्हणाल्या, “असूं दे. जागा बदलली, घालवलें नाहीं.” समाधान पूर्ण झालें असें मी म्हणत नाहीं. माझेंही झालेलें नाहीं. पण तो कौल बुद्धीला मान्य करावा लागतो.

पर्वें निरनिराळ्या विद्वानांकडे सोंपविलीं होतीं. लाहोरचे रघुवीर यांचें विराटपर्व १९३६ त निघालें, सुशीलकुमार डे यांचें उद्योगपर्व १९४० त, अमेरिकेंतील येल विद्यापीठाचे एजर्टन यांचें सभापर्व १९४४ त. एजर्टन यांचें तें पर्व पाहण्यास सुकथनकर उरले नव्हते. मुंबई विद्यापीठांत महाभारताच्या अर्थावर चार व्याख्यानें द्यावयाचीं ठरलीं होतीं. चौथें होण्यापूर्वींच, २१ जानेवारी १९४३ रोजीं, त्यांचें निधन झालें. आदि आणि आरण्यक हीं दोन पर्वें तेवढीं त्यांनीं स्वतः संपादिलीं. पुढें बेलवलकर, त्यांच्यामागून परशुराम लक्ष्मण वैद्य, अशी धुरा चालत आली आणि १९६६ सालीं एकोणीस खंडांचें काम पुरें झालें. बेलवलकरांनीं सिद्ध केलेलें शांतिपर्व मी अजून अधूनमधून काढून बसतों. त्याच्या पानांवरही ती नागमोडी रेघ आहे.