गळती

पाण्याची गळती प्रामाणिक असते. घागर झिरपू लागली की जमीन ओली होते. छप्पर गळू लागले की पहिल्याच पावसात घरातली पातेली ओळीने मांडावी लागतात. आमच्या गोंदिया जिल्ह्यातला धान पिकविणारा शेतकरी तर बांध कोठे फुटला आहे हे दुरूनच ओळखतो. खालच्या बांधीत पाणी चढलेले दिसले की त्याला तपास करावा लागत नाही. हवेची गळती मात्र मोठी अबोल. तिचा डाग पडत नाही, वास येत नाही, आणि बहुधा तिचा आवाजही ऐकू येत नाही. तिचा परिणाम तेवढा दिसतो, आणि तोही दुसऱ्या दिवशी.

गोंदियास राहणाऱ्या माझ्या थोरल्या बंधूंनी गेल्या वर्षी एक जुनी मोटार विकत घेतली. घेण्याचे कारण आमची आई. तिला पाठीच्या दुखण्यासाठी वरचेवर नागपूरला न्यावे लागते, आणि रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा तिच्या मणक्यापर्यंत पोचतो. या मोटारीस पोलादी स्प्रिंगांऐवजी चारही चाकांवर रबरी पिशव्या आहेत. एक लहानसा विजेचा पंप त्यांत हवा भरतो, आणि गाडी जणू त्या हवेवरच तरंगत चालते.

ही कल्पना तशी नवी नव्हे. हवेवर बसून प्रवास करण्याची युक्ती प्रथम चाकात आली. रॉबर्ट थॉमसन याने १८४५ मध्येच हवेच्या धावेचे पेटंट घेतले होते. पण लोक ते विसरून गेले. पुढे बेलफास्ट येथील डनलॉप नावाच्या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेची धाव बसविली, आणि १८८८ मध्ये तिचे पेटंट घेतले. मग हीच हवा चाकातून वर सरकून गाडीच्या सांगाड्याखाली गेली. १९५७ च्या एका उंची कॅडिलॅक मोटारीत तिची योजना होती. पण गळतीला कंटाळून पुष्कळ मालकांनी पुढे साध्या स्प्रिंगा बसवून घेतल्या. आज नागपूर-बिलासपूर वंदे भारत गोंदियाच्या फलाटावर थांबते, तिच्या डब्यांखालीही हवेच्याच पिशव्या आहेत.

बंधूंची मोटार काही महिने उत्तम चालली. नंतर रोज सकाळी तिचा मागचा डावा कोपरा खाली बसलेला दिसू लागला. जणू एखाद्या बैलाने एकच पाय दुमडून घेतला आहे. गाडी सुरू केली की पंप घुरघुरू लागे, आणि दोन-तीन मिनिटांत मोटार पुन्हा सरळ उभी राही. त्यामुळे कोणालाच त्याची चिंता वाटेना. आई ओसरीवरून म्हणाली, "सकाळी उठते ना ती? मग कशाला तिच्या मागे लागता?"

माझा पुतण्या मात्र मागे लागला. तो म्हणाला, "काका, गळती लहानच आहे. पण तिची भरपाई हा पंप करतो. तो घटकाभर काम करण्यासाठी बनविलेला, त्याला आपण सारखे राबवतो आहोत. एक दिवस तो तापून जळेल, आणि मग लोक म्हणतील, पंप वाईट निघाला."

रविवारी अंगणात काम सुरू झाले. आपोआप उंची जुळविणारी यंत्रणा त्याने प्रथम बंद केली, आणि सांगाड्याखाली मजबूत लोखंडी टेकू दिले. कारण हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधी हात घालू नये. मग साबणाचा दाट फेस करून तो ब्रशाने पिशवीच्या घड्यांना लावला. रबर बहुधा घडीतच चिरते. पण तेथे काही दिसले नाही. मग नळीवर, आणि शेवटी नळी पिशवीत शिरते त्या जोडावर फेस लावला. तेथे वाटाण्याएवढा एक बुडबुडा आला, फुगला, फुटला, आणि त्याच्या जागी दुसरा आला. सायकलची ट्यूब पाण्याच्या टोपल्यात बुडवून पंक्चर शोधणारा दुकानदार याहून वेगळे काय करतो? न दिसणाऱ्या हवेला दिसायला लावणे, एवढीच या विद्येची किल्ली आहे.

पुढचे काम अर्ध्या तासाचे. हवा हळूहळू सोडून दिली, नळीचे झिजलेले टोक धारदार पात्याने सरळ कापले, नवा जोड बसविला, पुन्हा फेस लावला. बुडबुडा नाही. तरीही त्याने चाकाच्या मध्यापासून मडगार्डाच्या कडेपर्यंतचे अंतर संध्याकाळी मोजून भिंतीवर लिहून ठेवले, आणि सकाळी पुन्हा मोजले. दोन्ही आकडे सारखे होते.

मला मात्र त्या दिवसापासून आईचे ते वाक्य आठवत राहिले. कारण स्वतःच्या पाठीविषयीही ती डॉक्टरांना हेच सांगते: "सकाळी उठते ना मी?" घरातल्या किती लहान लहान गळत्या या बाईने चाळीस वर्षे बिनबोभाट भरून काढल्या! पाहुण्यांना अन्न कमी पडले की तिचे ताट उशिरा वाढले जाई. कोणी आजारी पडले की जागरण तिचे. नळाला पाणी आले नाही की विहिरीवरचा हंडा तिचा. घर रोज सकाळी सरळ उभे दिसे, म्हणून कोणती बाजू रात्री खचते हे कोणाला दिसत नसे. ज्या घरात भरपाई चोख होते, त्या घरात गळतीचा शोध कोणी घेत नाही.

मी हे बंधूंजवळ बोललो. ते काही वेळ गप्प बसले; मग उठून त्यांनी स्वयंपाकघरातील पाण्याचे हंडे स्वतः भरले. दुसऱ्या दिवसापासून ते काम पुतण्याकडे गेले. आईने पुष्कळ विरोध केला, पण पुतण्या तिला हसत म्हणाला, "आजी, पंपाला विचारून कोणी गळती बंद करीत नाही!"

आईचे दुखणे याने बरे होणार नाही, हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे. झिजलेले मणके म्हणजे नळीचे टोक नव्हे, की कापून नवा जोड बसविता यावा. पण पुढची झीज थोडी मंदावली तरी पुष्कळ झाले. परवा ती नागपूरहून परतली, गाडीतून उतरली आणि म्हणाली, "आज खड्डे कमी लागले." रस्ता तोच होता. पुतण्याने माझ्याकडे पाहिले, आणि आम्ही दोघांनीही तिला काही सांगितले नाही.