वाक्य पडद्यापाशीच

स्टॅटिक फंक्शनमधून स्ट्रिंग्ज डॉट एक्सएमएलमधला मजकूर कसा मिळवायचा, हा प्रश्न अँड्रॉइडवर ॲप लिहिणाऱ्याला कधी ना कधी पडतोच. गेटस्ट्रिंगला कॉन्टेक्स्ट लागतो आणि स्टॅटिक कोडजवळ तो नसतो. मग ॲप्लिकेशन ऑब्जेक्ट एका स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये ठेवून कुठूनही त्यालाच विचारायचे, असा तोडगा निघतो. मला वाटते, घोळ आधीच झालेला असतो. आर डॉट स्ट्रिंगपुढे आपण जे नाव लिहितो, तो मजकूर नसून नुसता पूर्णांक असतो. त्याचे वाक्य व्हायला आधी भाषा ठरावी लागते, आणि ती कॉन्टेक्स्टला ठाऊक असते. मराठी निवडली असेल तर ‘व्हॅल्यूज-एमआर’ फोल्डरमधले वाक्य येते, कोणताच अनुवाद जुळला नाही तर मूळ ‘व्हॅल्यूज’मधले. कॉन्टेक्स्ट मागण्यात अडवणूक नाही. कोणत्या भाषेत सांगू, एवढेच विचारले जाते.

ॲप्लिकेशन कॉन्टेक्स्टने मेमरी गळत नाही, हे म्हणणे खरे आहे. ॲक्टिव्हिटी स्टॅटिकमध्ये धरली तर बंद झालेला पडदा सगळ्या व्ह्यूंसकट अडकून राहतो. इथे ती भीती नाही. पण भाषेचे काय? २०२२च्या अँड्रॉइड १३ पासून प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठेवता येते. त्याआधीच्या आवृत्त्यांवर ॲपकॉम्पॅट लायब्ररी हीच सोय देते, मात्र ॲक्टिव्हिटीपुरती. तिथे ॲप्लिकेशन कॉन्टेक्स्ट फोनच्याच भाषेत बोलत राहतो. मग बटणे मराठीत आणि चूक झाल्याचा संदेश इंग्रजीत, असा पडदा वापरणाऱ्यासमोर येतो. मराठीची मनापासून निवड करणाऱ्याला तो अर्धवट वाटला तर नवल नाही. वाक्य स्टॅटिक फील्डमध्ये साठवले तर आणखी वाईट: भाषा बदलल्यावर ॲक्टिव्हिटी नव्याने घडते, फील्ड मात्र प्रोसेस संपेपर्यंत जुनेच वाक्य धरून बसते.

म्हणून स्टॅटिक कोडने आर डॉट स्ट्रिंगचा आकडाच पुढे द्यावा आणि वाक्य पडद्यापाशी घडवावे. नुसत्या आकड्याने भागत नाही, हा आक्षेप रास्त आहे. ‘३ फाइली हटवल्या’ म्हणायला संख्याही लागते, आणि एकच असेल तर ‘फाइल हटवली’ असे क्रियापदही बदलते. त्यासाठी आकडा आणि त्यात भरायच्या किमती एकत्र नेणारा छोटा क्लास पुरतो. तो आकडा डेटाबेसमध्ये मात्र ठेवू नये, पुढच्या बिल्डमध्ये तो बदलू शकतो. नोटिफिकेशनच्या वेळी समोर पडदा नसतो, पण सर्व्हिस स्वतःच कॉन्टेक्स्ट असते. तीच फंक्शनला पॅरामीटर म्हणून द्यावी. जुन्या अँड्रॉइडवर निवडलेली भाषा तिला वेगळी सांगावी लागते.