बांध सरकला की आकडे सरकले?

आमच्या भिवंडीत माणकोली, काल्हेर, दापोडे, पूर्णा कुठंही जा, भातशेतीच्या जागी गोदामं उभी आहेत. गुंठ्याला भाव आला आणि बांधाची भांडणं थेट आठवीच्या वर्गात आली. "सर, मोबाईलच्या नकाशात आमचा बांध शेजारच्या काकांच्या शेतात दिसतो. मग ती जागा आमची ना?"

मी दोघांना एकाच बाकाची जागा सांगायला लावली. एकाने दारापासून पावलं मोजली, दुसऱ्याने फळ्यापासून. आकडे वेगळे, बाक तिथंच! भारताचे जुने नकाशे 1830 च्या एव्हरेस्ट गोलाभावर बेतलेले. तो भारतीय उपखंडाला जुळेल असा बसवलेला. मोबाईल वापरतो डब्ल्यूजीएस-84, त्याचं मोजमाप पृथ्वीच्या केंद्रापासून. एकाच दगडाचे अक्षांश-रेखांश दोन्हींत वेगळे येतात, आणि पद्धत न बदलता आकडे वापरले तर जागा कित्येक मीटर सरकलेली दिसते. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वसामान्यांसाठीचे नकाशेही डब्ल्यूजीएस-84 वर आले.

पण गंमत पुढेच आहे. आपल्या शेताच्या जुन्या टिपणात अक्षांश-रेखांश नसतातच. ती मोजणी साखळीची: 33 फुटांची साखळी, तिचे 16 आणे, 33 गुणिले 33 म्हणजे एक गुंठा. (मुलांना हा गुणाकार फार आवडतो, कारण घरी रोज ऐकलेला शब्द वहीत सापडतो.) असा आखडलेला, घडी पडलेला कागद स्कॅन करून उपग्रहाच्या चित्रावर बसवायचा, तर जमिनीवरच्या ओळखीच्या खुणा लागतात. खुणा चुकल्या की सगळी रेघच तिरकी.

त्यात मोबाईलची स्वतःची चूक सहज चार मीटर. पन्नास मीटर लांबीच्या बांधावर ती 200 चौरस मीटर होते, म्हणजे जवळजवळ दोन गुंठे! इथल्या भावात दोन गुंठ्यांवरून भाऊ भावाशी बोलत नाही.

आता भूमी अभिलेख खात्याचे मोजणीदार रोव्हर घेऊन येतात, अचूकता सेंटिमीटरात. मला ते यंत्र आवडतं. पण ते सांगतं की तुम्ही नेमके कुठे उभे आहात. हद्द कुठे होती हे सांगायला टिपण, जुने दगड आणि नोटीस मिळून हजर राहिलेला शेजारी लागतोच. म्हणून पालकहो, मोबाईल बघून कुंपण हलवू नका, आधी मोजणीचा अर्ज करा. मुलांना या आठवड्यात गृहपाठ एवढाच दिलाय: आजोबांना घेऊन हद्दीचे दगड शोधा आणि मोजून या.