साठ प्रतींचे भांडवल

संशोधकाचे मोठेपण आज आकड्यांत सांगितले जाते. त्याचे शोधनिबंध किती, इतरांनी आपल्या लेखनात त्यांचा संदर्भ किती वेळा दिला, याची नोंद पासबुकातील जमेप्रमाणे ठेवली जाते. अमेरिकेत युजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये अशा संदर्भांची सूची सुरू केली. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी ‘एच-निर्देशांक’ सुचविला. ज्याच्या वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस संदर्भ लाभले, त्याचा निर्देशांक वीस. हिशेब सोपा आहे. म्हणूनच नेमणुका आणि अनुदाने ठरविताना तो हाताशी धरला जातो. या तराजूत आधुनिक मज्जाविज्ञानाच्या जनकालाच एकदा घालून पाहावे.

सांतियागो रामोन इ काहाल यांचा जन्म १८५२ मध्ये स्पेनमधील एका लहानशा गावी झाला. मुलाला चित्रकार व्हायचे होते. शल्यवैद्य असलेल्या वडिलांना ते मान्य नव्हते. अखेर मुलगा वैद्यक शिकला, पण हातातली पेन्सिल सुटली नाही. १८८७ मध्ये माद्रिदला त्यांनी गॉल्जी यांच्या रंजनपद्धतीने तयार केलेले मज्जापेशींचे नमुने पाहिले. पोटॅशियम डायक्रोमेट व सिल्व्हर नायट्रेट यांच्या संस्काराने मोजक्याच पेशी काळ्या होऊन शाखांसह उठून दिसत. इटलीतील कामिल्लो गॉल्जी यांनी ही रीत १८७३ मध्येच प्रसिद्ध केली होती. परंतु तिचे मोल फार थोड्यांनी ओळखले होते.

काहाल यांनी ती पद्धत पक्ष्यांच्या गर्भांवर व लहान पिलांवर वापरली, कारण कोवळ्या मेंदूत पेशींच्या तंतूंवर वेष्टण चढलेले नसते. तेथे त्यांना जे दिसले, ते रूढ मताच्या विरुद्ध होते. मेंदू म्हणजे अखंड जाळे नव्हे. प्रत्येक मज्जापेशी स्वतंत्र असून ती दुसरीला केवळ भिडते. हे सांगण्यासाठी मे १८८८ मध्ये त्यांनी पदरमोड करून स्वतःचे त्रैमासिक काढले. पहिल्या अंकाच्या प्रती अवघ्या साठ. त्या परदेशी विद्वानांना धाडल्या गेल्या. पण मजकूर स्पॅनिशमध्ये होता, आणि ती भाषा जाणणारे शास्त्रज्ञ विरळा. छत्तिसाव्या वर्षी, आयुष्यातील सर्वांत मोठा शोध हाती असताना, आजच्या हिशेबाने त्यांच्या खात्यावर जवळजवळ काहीच जमा नव्हते.

काहाल यांनी जगाला दोष देत बसणे पसंत केले नाही. ऑक्टोबर १८८९ मध्ये ते आपले नमुने घेऊन बर्लिनच्या शरीररचनाशास्त्रज्ञांच्या परिषदेला गेले. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये विनवणी करून एकेकाला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावू लागले. त्यांत बहात्तर वर्षांचे आल्बर्ट फोन कोलिकर होते. त्या क्षेत्रातील सर्वमान्य वडीलधारे. त्यांनी डोळा भिंगाला लावला आणि त्यांची खात्री पटली. घरी परतल्यावर त्यांनी प्रयोग स्वतः करून पाहिले, आपले जुने मत सोडले, आणि काहाल यांचे लेखन वाचता यावे म्हणून त्या वयात स्पॅनिश शिकून घेतली.

पुढे तरी जमाखर्च चोख राहिला काय? १८९१ मध्ये जर्मनीतील वाल्डायर यांनी हे सारे संशोधन एकत्र मांडून मज्जापेशीला ‘न्यूरॉन’ हे नाव दिले, आणि कित्येक ठिकाणी सिद्धांतावर नाव लागले ते वाल्डायर यांचे. १९०६ चे नोबेल पारितोषिक गॉल्जी व काहाल यांना विभागून मिळाले. त्या प्रसंगीच्या भाषणात गॉल्जी यांनी काहाल यांच्याच सिद्धांतावर टीका केली. काहाल यांचा मेंदूरचनेवरील महाग्रंथ १९०४ मध्ये पूर्ण झाला, फ्रेंचमध्ये १९११ पर्यंत आला, आणि इंग्रजीत संपूर्ण रूपाने येण्यास १९९५ साल उजाडले. तोवर काहाल यांना जाऊन साठ वर्षे उलटली होती. त्यांची चित्रे मात्र आजही पाठ्यपुस्तकांत छापली जातात.

संदर्भांची मोजणी निरुपयोगी आहे, असे नाही. कोणते काम किती जणांपर्यंत पोहोचले, हे तिच्यातून कळते. जे काम अद्याप पोहोचलेले नाही, त्याची किंमत मात्र तिला सांगता येत नाही. ती सांगायला कोणीतरी जाणते माणूस उठून भिंगापाशी यावे लागते. नव्या संशोधकाची पात्रता ठरविणाऱ्या प्रत्येक समितीने आकडा पाहण्याआधी त्याचा एक तरी निबंध पूर्ण वाचावा. कोलिकर यांनी तर त्यासाठी एक भाषा शिकून घेतली होती.