चढ आणि उतार

“दुरून डोंगर साजरे” ही म्हण आम्हीं वर्गांत आजवर किती वेळां समजावून सांगितली असेल, याची गणतीच नाहीं. परंतु तिचा अर्थ आम्हांस स्वतःस कळला तो गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत, आणि तोही अशा रीतीनें कीं, विसरूं म्हटलें तरी विसरतां येणार नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस ती हकीकत सांगावी, एवढ्याच हेतूनें हे चार शब्द लिहीत आहों.

वीस वर्षें भूगोल शिकवितांना हिमालयाचा नकाशा आम्हीं फळ्यावर इतक्या वेळां काढला आहे कीं, तो आतां डोळे मिटूनही काढतां यावा. तरी हिमालय प्रत्यक्ष पाहिला नव्हता. अखेर मनाचा निश्चय केला कीं, मनालीहून निघून लाहूलमार्गें लेहपर्यंत जावयाचें. सोबतीस आमचा भाचा. वय वर्षें अठरा, नुकतीच बारावीची परीक्षा दिलेला, फुटबॉल खेळणारा, अंगानें चांगला भक्कम. निघतांना धाकटी बहीण म्हणाली, “दादा, पोर तुझ्या स्वाधीन करतें आहें. त्याला जपून ने.” आम्हीं हंसून म्हटलें, “अग, तोच मला जपून नेईल!”

जूनच्या पहिल्या आठवड्यांत एके दिवशीं पहाटे भाड्याच्या मोटारींतून आम्ही मनाली सोडली. पूर्वीं लाहूलांत जाण्यास रोहतांगची खिंड ओलांडावी लागे, व हिवाळ्यांत ती बर्फानें बंद पडे. ऑक्टोबर २०२० मध्यें नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला, तेव्हांपासून तो डोंगर कांहीं मिनिटांत पार करतां येतो. बोगद्यांत शिरतांना भोंवतीं देवदार, धुकें आणि हिरवळ होती. बाहेर पडतों तों कोरडे, उघडे, तांबूस डोंगर! आमच्या देशावरील मुलांस याचें कारण सहज उमगेल. सह्याद्री ओलांडतांच जसा पाऊस आटतो, तशीच येथें पीर पंजालची रांग मेघांस अडवून धरते.

तांदी येथें चंद्रा व भागा या नद्यांचा संगम आहे. त्यांचीच पुढें चिनाब होते. संगम पाहून केलांगास पोंचलों तेव्हां दिवस बराच शिल्लक होता. आमचे मोटारचालक पन्नाशीचे एक लाहूली गृहस्थ होते. चहा घेतांना ते म्हणाले, “मास्तरजी, आज येथेंच मुक्काम करावा. उद्यां जिस्पा, परवां पुढें. पहाड कुठें पळून जात नाहीं.” आम्हीं त्यांस घड्याळ दाखविलें. सुटीचे दिवस मोजके होते आणि लेह येथील खोलीचे पैसे भरून झाले होते. त्यांनीं पुन्हा आग्रह केला नाहीं. फक्त मोटारींतील प्राणवायूची नळकांडी नीट तपासून घेतली. आम्हांस त्याचें हंसूं आलें, हें येथें कबूल केलें पाहिजे.

दुपारीं बारालाचा खिंड लागली. उंची सुमारें ४,८९० मीटर. रस्त्याच्या दोहों बाजूंस बर्फाच्या भिंती, आणि खिंडीच्या अलीकडे गोठलेलें सूरजताल. भागा नदीचा उगम येथलाच. आम्ही आनंदानें वेडे झालों होतों. इतक्यांत भाचा हळूच म्हणाला, “मामा, डोकें दुखतें आहे.”

“पहाडांत डोकें दुखणें हा काय आजार झाला?” आम्हीं म्हटलें. “मर्दासारखा मर्द तूं! जरा धीर धर.”

त्यानंतर तो कांहीं बोलला नाहीं. आम्हांस वाटलें, डोकें दुखावयाचें थांबलें.

रात्रीचा मुक्काम सरचूच्या पठारावर एका तंबूंत केला. तेथील उंची ४,२०० मीटरांहून अधिक. आमचें कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे एका दिवसांत आम्ही कळसूबाईहूनही अधिक उंची चढून तेथें निजावयास आलों होतों. इतक्या उंचीवर हवा विरळ असते, व प्रत्येक श्वासांत समुद्रकांठच्या मानानें सुमारें साठ टक्केच प्राणवायु मिळतो. शरीर त्यास सरावतें, पण त्यास वेळ द्यावा लागतो. म्हणूनच तीन हजार मीटरांपलीकडे रोजच्या निजण्याची जागा पांचशें मीटरांहून अधिक वर नेऊं नये, असा नियम आहे. हा नियम आम्हांस ठाऊक होता. तो आम्हीं वाचला होता, आणि आपणांस तो लागू नाहीं असें मानलें होतें.

मध्यरात्रीं जाग आली ती भाच्याच्या ओकण्याच्या आवाजानें. तो बाहेर जाण्यास उठला, पण दारूबाज मनुष्याप्रमाणें झोकांड्या खाऊं लागला. आम्हीं त्यास आपल्या गांवाचें नांव विचारलें; तो आमच्याकडे पाहत राहिला व म्हणाला, “घंटा झाली का?” हें ऐकून आमच्या हातापायांतलें बळच गेलें. बहिणीचे शब्द कानांत घुमूं लागले. तेथें दूरध्वनीही लागत नव्हता.

आम्हीं चालकांस हांक मारली. त्यांनीं दिव्याच्या उजेडांत मुलाचें तोंड पाहिलें, प्राणवायूची नळी त्याच्या नाकाशीं बसविली आणि एवढेंच म्हटलें, “खालीं चला. याला दुसरें औषध नाहीं.” परंतु सरचूची गोष्ट अशी कीं, तेथून खालीं येण्यास आधीं तीच बारालाचा खिंड पुन्हा चढावी लागते! उतारासाठीं चढ, आणि ज्या विरळ हवेनें मुलाची ही दशा केली, तिच्याहूनही विरळ हवेंतून त्यास न्यावयाचें. त्या दीड-दोन तासांत आम्हीं जी प्रार्थना केली, तींत शब्द फार थोडे होते. चालक मात्र शांत होते. “रात्रीं बर्फ वितळत नाहीं,” ते म्हणाले, “त्यामुळें नाल्यांना पाणी कमी. ही वेळ वाईट नाहीं.”

उजाडतां उजाडतां जिस्पास उतरलों. भाग्याची गोष्ट कीं, तेथें पोंचेपर्यंत मुलानें डोळे उघडले होते व पाणी मागितलें होतें. केलांग येथें डॉक्टरांनीं त्यास तपासलें व मेंदूस सूज येऊं लागल्याचीं तीं लक्षणें होतीं, असें सांगितलें. ते आम्हांवर रागावले नाहींत. रागावते तर बरें झालें असतें.

सायंकाळीं भाचा उशाशीं टेकून बसला तेव्हां आम्हीं विचारलें, “अरे, इतकें होत होतें तर बोलला कां नाहींस?” तो म्हणाला, “एकदां बोललों होतों, मामा.”

यावर आम्हांपाशीं उत्तर नव्हतें, आजही नाहीं.

लेहचा बेत अर्थातच रद्द झाला. चार दिवस आम्ही केलांगासच राहिलों. ज्या गांवास आम्ही एका चहापुरतें थांबणार होतों, तें गांव आतां सावकाश पाहिलें. खालीं भागेचा घोष, पलीकडच्या डोंगरावर कारदंगचा गोंपा, उतारांवर बटाट्याचीं व वाटाण्याचीं शेतें. १८५६ सालीं हायडे व पागेल हे दोन मोरेव्हियन मिशनरी येथें येऊन राहिले. त्यांस वास्तविक मंगोलियांत जावयाचें होतें. परंतु पुढची वाट मिळेना, म्हणून ते या खोऱ्यांत थांबले. हायडे व त्यांच्या पत्नी यांनीं येथें सुमारें चाळीस वर्षें काढलीं. येथल्या बायकांस लोंकरीचे मोजे विणण्यास त्या बाईंनीं शिकविलें. पुढें त्यांस येऊन मिळालेले येश्के यांनीं तिबेटी भाषेचा जो कोश रचला, तो १८८१ सालीं प्रसिद्ध झाला व अजून अभ्यासक तो उघडतात. जेथें वाट अडली तेथेंच या मंडळींनीं काम काढलें. आमची वाट चारच दिवस अडली होती, तरी त्यांची आठवण आम्हांस पुष्कळ धीर देऊन गेली.

जूनच्या मध्यास शाळा उघडली. रेखांशावरून स्थानिक वेळ काढण्याचा धडा चालू होता. एक अंश म्हणजे चार मिनिटें. पूर्वेस मिळवा, पश्चिमेस वजा करा. “सोपेंच तर आहे,” असें आम्ही संवयीनें म्हणणार, इतक्यांत शेवटच्या बांकावरील एका मुलाकडे लक्ष गेलें. तो मान खालीं घालून स्वस्थ बसला होता. पूर्वीं अशा स्वस्थ बसण्याचा अर्थ “समजलें” असा आम्ही घेत असूं. त्या दिवशीं खडू खालीं ठेवला, त्याच्याजवळ जाऊन बसलों आणि विचारलें, “कोठपर्यंत समजलें?” बराच वेळ तो बोलेना. मग म्हणाला, “सर, अंश म्हणजे काय, तेंच नाहीं समजलें.” तो मुलगा दोन इयत्तांपासून तें न समजतां वर चढत आला होता.

पालकहो, आपलीं मुलें लवकर वर जावींत असें आपणांस वाटतें, व आम्हां शिक्षकांसही वाटतें. तें वाटणें वाईट नाहीं. मात्र “डोकें दुखतें आहे” हें वाक्य मूल पहिल्यानें उच्चारतें, तेव्हां तें ऐकावें. दुसऱ्यानें तें उच्चारीलच, असा भरंवसा नाहीं. आणि मुलांनो, “समजलें नाहीं” असें म्हणण्यांत भित्रेपणा नाहीं. आम्ही तें ऐकून हंसलों, तर आम्हांस सरचूची आठवण करून द्या.

भाच्याचें परवांच पत्र आलें आहे. तो आतां ठणठणीत असून पुण्यास महाविद्यालयांत शिकतो. पुढच्या उन्हाळ्यांत लेहचा राहिलेला प्रवास पुरा करूं, असें तो लिहितो. मात्र या खेपेस केलांगास दोन रात्री आणि जिस्पास एक, ही त्याची अट आहे. आम्हीं ती मान्य केली आहे. बहिणीची परवानगी मिळविण्याचें काम मात्र त्यानें आमच्याकडे सोंपविलें आहे, आणि तो चढ अजून चढावयाचा आहे.