तिसरी आच

रात्री अकराच्या सुमारास गल्लीतल्या स्कूटर थांबतात आणि स्वयंपाकघरात एकच आवाज उरतो. नळाला बांधलेल्या पंच्याच्या गाठोड्यातून पातेल्यात पडणाऱ्या थेंबांचा. संध्याकाळी ते घाईघाईने पडत होते. आता एक पडला की दुसऱ्याची वाट पाहावी लागते. गाठोड्यात किलोभर रिकोट्टा आहे, मेंढीच्या दुधाचा. उद्या त्याचा कस्साता करायचा. इथे पालेर्मोत ज्याला कस्साता आल फोर्नो म्हणतात तो, भट्टीत भाजलेला.

पंचा वाईचा. आई याच्यात श्रीखंडाचा चक्का बांधायची. सात वर्षांपूर्वी इकडे आले तेव्हा बॅगेत वजनाची मारामार असताना हा पंचा आणि पितळी पुरणयंत्र का कोंबलं, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

कसाटा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे येतो तो लग्नाच्या जेवणानंतरचा आइस्क्रीमचा रंगीत काप. पालेर्मोला येणाऱ्या पाहुण्यांच्या नजरेत भरतो तो वेगळाच. हिरव्या बदामी लगद्याची कड, साखरेची पांढरी झिलई, वर पाकात मुरवलेली फळं. दुकानाच्या काचेआड तो नटूनथटून बसलेला असतो. माझा जीव जडला तो त्याच्या साध्या भावंडावर. बाहेरून खुसखुशीत पारी, आत पांढरं सारण, सारणात चॉकलेटचे काळे कण, वर पिठीसाखर. हाच आधीचा, बाकीचा साजशृंगार मागाहून आला, असं इथली जुनी माणसं ठामपणे सांगतात. आणि चव घेतल्यावर ते पटतं.

मला तो शिकवला तळमजल्यावरच्या सिन्योरांनी. त्यांचं वय आता नव्वदीकडे झुकलेलं. मला त्या 'फिग्या मिया' म्हणतात, म्हणजे माझ्या लेकी. पहिल्या वर्षी मी रिकोट्टा टोपलीतून काढला, साखर घातली आणि तासाभरात भट्टीत ढकलला. वरून सोन्यासारखा दिसला, पण सुरी खाली टेकली तेव्हा तळाची पारी ओली, कच्च्या कणकेसारखी चिकट. सिन्योरा रागावल्या नाहीत. बशी बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "पाणी कधी काढलंस?" त्या प्रश्नाचं उत्तर मी दर वसंतात या पातेल्यापाशी उभी राहून देते आहे.

वसंतातच, कारण रिकोट्ट्याला ऋतू असतो. इथल्या मेंढ्या साधारण शरदात वितात. पाऊस पडतो, टेकड्या हिरव्या होतात, आणि हिवाळ्यापासून वसंत सरेपर्यंत दूध भरपूर येतं. जून लागला की उन्हाने गवत पिवळं पडतं आणि दूधही ओसरतं. ईस्टर येतो तेव्हा दुधाचा भर असतो, म्हणून ईस्टरला कस्साता. मी रिकोट्टा घेते तो बाल्लारोच्या बाजारातून, पण येतो तो पियाना देल्यी आल्बानेझीच्या बाजूच्या डोंगरांतून. १४८८ साली आल्बेनियातून आलेल्या निर्वासितांनी वसवलेलं ते गाव, आजही आपली जुनी भाषा बोलणारं. एका फेब्रुवारीत पहाटे सिन्योरांच्या मुलासोबत मी तिथे गेले, केवळ रिकोट्टा कसा होतो ते बघायला.

कढईत दूध होतं, जेमतेम कोमट, अंगाच्या उबेइतकं. त्यात दूध साकळवणारं रेनेट पडलं, दह्यासारखी कवडी बसली, ती मोडून चीजसाठी काढून घेतली. कढईत उरलं ते पिवळट हिरवं पाणी. मला वाटलं, झालं. पण त्या माणसाने खालची आच वाढवली. ऐंशीच्या पुढे पारा गेला तसे त्या पाण्याच्या पोटातून पांढरे कण वर येऊ लागले, आधी तुरळक, मग ढग जमावेत तसे दाट. आता कुणी ढवळायचं नाही, हात लावायचा नाही. तो गप्प उभा होता, म्हणून आम्हीही. मग झाऱ्याने हळूच उचलून त्याने ते ढग टोपल्यांत भरले. पूर्वी या टोपल्या लव्हाळ्याच्या असत, आता प्लास्टिकच्या. उरलेलं गरम पाणी आणि त्यातले कण वाडग्यात घालून त्याने आम्हाला दिले, पावाचे तुकडे चुरून. याला झब्बीना म्हणतात. थंडीत हात भाजत ते खाल्लं, आणि मला वाईचं घर आठवून गलबलून आलं.

आमच्याकडे दूध नासलं की घरात आवाज खाली यायचे, जणू काही अशुभ घडलं. आजीला मात्र त्याचं काहीच वाटत नसे. ती चोथा गाळून घ्यायची, साखर घालून मंद आचेवर परतायची आणि आम्हा मुलांच्या तळहातावर ठेवायची. पाण्याला ती नासकवणी म्हणे आणि तेही फेकत नसे, कणीक त्यातच भिजवी. त्या डोंगरावरून परतल्यावर मी घरी हट्टाने आजीची नासकवणी उकळून पाहिली. हाती चमचाभरही लागलं नाही. कारण नंतर समजलं. आपण दूध आधी उकळतो. उकळल्यामुळे पाण्यात राहणारी प्रथिनं पहिल्याच खेपेला चोथ्याबरोबर बाहेर येतात, मागे फारसं काही उरत नाही. इथे पहिली आच इतकी हळवी असते, की दुसऱ्या आचेसाठी पाण्यात काहीतरी शिल्लक राहतं. रिकोट्टा या शब्दाचा अर्थच पुन्हा शिजवलेलं. कस्सात्यात त्याला तिसरी आच लागते.

सकाळी गाठोडं उतरवते. हाताला ते घट्ट आणि गार लागतं, पातेल्यात वाटीभर पाणी साठलेलं असतं. आता साखर, किलोला तीनशे ग्रॅम. सिन्योरा साखरेला 'झुक्कारू' म्हणतात, इटालियनमध्ये झुक्केरो. आपली शर्करा फारसीत शकर झाली, अरबीत सुक्कर, आणि अरबांनीच तिचा ऊस सिसिलीच्या मातीत लावला. ८३१ साली पालेर्मो त्यांच्या हाती गेलं आणि १०७२ पर्यंत राहिलं. कस्साता हा शब्दही अरबी खोलगट भांड्यावरून आला असं बरेच जण मानतात. सिन्योरांच्या तोंडची झुक्कारू आणि माझी साखर एकाच घरच्या लेकी, दोन दिशांना दिलेल्या. साखर मिसळली की रिकोट्टा पुन्हा थोडा सैल पडतो, म्हणून तो झाकून काही तास थंड जागी ठेवायचा.

मग पुरणयंत्र. इथे रिकोट्टा बारीक चाळणीवर चमच्याने घासून काढतात. मी तो पुरणासारखा फिरवते. दांडा एक वेढा घेतो आणि खाली लोण्यासारखा मऊ, बिनकणी रिकोट्टा उतरतो. सिन्योरांनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा यंत्र हातात घेऊन, उलटंपालटं करून पाहिलं आणि माझ्या आईची चौकशी केली.

चॉकलेट मी सुरीने चिरते, सव्वाशे ग्रॅम, काही कण मोठे, काही निव्वळ भुकटी. बहुतेक जण साधं काळं चॉकलेट घालतात. मला मोदिकाचं आवडतं. सिसिली स्पेनच्या ताब्यात होती तेव्हा चॉकलेट करण्याची ही मेक्सिकोकडची जुनी रीत त्या गावात येऊन रुजली. कोकोचा लगदा फार तापू देत नाहीत, त्यामुळे आतली साखर विरघळत नाही आणि दाताखाली कणी लागते. त्या चॉकलेटला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मऊ रिकोट्ट्यात ती कणी मला हवीच असते. थोडी दालचिनी, आणि सारण तयार.

पारीसाठी अर्धा किलो पीठ, पाव किलो लोणी, दोनशे ग्रॅम साखर, दोन अंडी, एक बलक, लिंबाची किसलेली साल. सिन्योरा डुकराची चरबी घालतात आणि त्यांची पारी माझ्यापेक्षा खुसखुशीत होते, हे खरंच आहे. मी लोण्यावर राहिले. थंड लोणी पिठाला चोळायचं, करंजीला मोहन चोळतात तसं, आणि मुठीत मुटका वळतो का पाहायचं. फार मळायचं नाही. पारी गार करून लाटायची, उतरत्या कडांच्या भांड्यात तळाशी आणि कडेने बसवायची. तळाला केकचा चुरा पसरायचा, राहिलेलं पाणी तो पिईल. मग सारण, पुन्हा चुरा, वर पारीचं झाकण, काट्याने टोचे, कडा नीट दाबलेल्या.

१८० अंशांवर तासभर. अर्ध्या तासाने लोण्याचा वास येतो, मग लिंबाचा, आणि अगदी शेवटी रिकोट्ट्याचा, तापल्या दुधासारखा. जिन्यावरून जाणारे शेजारी दाराशी क्षणभर थांबतात, ते पावलांवरून कळतं.

बाहेर काढल्यावर मात्र हात आवरायचा. गरम सारण थरथरतं, सुरी लावली तर ओघळेल. भांडं पूर्ण निवू द्यायचं, मग थाळी झाकून एका दमात उलटं करायचं. तळ वर येतो, सपाट आणि बदामी. त्यावर पिठीसाखर, आणि साखरेवर दालचिनीच्या बारीक रेघांचे शंकरपाळे. तरीही कापायचा नाही. एक रात्र जाऊ द्यायची. चॉकलेट भट्टीत मऊ झालेलं असतं, ते पुन्हा घट्ट होतं, आणि सारण आपल्या जागी बसतं.

रविवारी सकाळी घंटा वाजत असताना मी थाळी घेऊन खाली गेले. सिन्योरांचे हात आता थरथरतात, म्हणून काप मी काढला. त्यांनी बशी डोळ्यांजवळ नेली, काप कलता केला, तळाच्या पारीवर अंगठ्याचं नख टेकवलं आणि हलकेच वाजवून पाहिलं.

"आशुत्ता," त्या म्हणाल्या. कोरडी. आणि खायला बसल्या.