टपाल सगळ्यांचं

आमच्या गावकीची बैठक देवळाच्या सभामंडपात भरते. आता तिच्यात मुंबई कमिटीही बसते. एक मोबाईल तांब्याला टेकवून उभा करतात आणि त्यात डोंबिवली-नालासोपाऱ्याचे आमचे चाकरमानी दिसतात. पूर्वी मुंबईचा ठराव पत्रानं यायचा आणि गावाचं उत्तर जाईपर्यंत निम्मा राग निवून जायचा. आता दोन्हीकडचा राग एकाच वेळी तापतो.

त्या संध्याकाळी विषय बांधाच्या वादाचा होता. एका घरानं पंचांना न विचारता परस्पर सरकारी मोजणीचा अर्ज केला. गावाचा मान राखला नाही, असं ठरलं. शिमग्यात त्यांच्या दारी पालखी न्यायची नाही, कार्याला बोलवायचं नाही, जो बोलेल त्याला दंड. वाळीत टाकलं हे मात्र कोणी तोंडानं म्हणालं नाही, कारण त्या नावाला कायदा आहे हे सगळ्यांना माहीत होतं. उठता उठता एक पंच माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘तात्या, ग्रुपमधून त्यांचे नंबर तेवढे काढून टाका.’’

गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन मी. मला ते मोठंसं जमतं म्हणून नव्हे. पोलादपूर तालुक्यातल्या या डोंगरकपारीत मी उभा जन्म टपाल वाटलं, तेव्हा निरोपाचं काम याचंच, असं लोकांनी धरून ठेवलेलं.

टपालाच्या कामानं मला एक शिस्त लावली. वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्यांना मुलाचं पत्र मीच वाचून दाखवायचो. मनीऑर्डर किती रुपयांची, कुणाचा मुलगा पैसे पाठवेनासा झाला, हे मला घरातल्यांच्या आधी कळायचं. 1982 साली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मुंबईच्या मनीऑर्डरी आटल्या. कुठल्या घरात चूल कशी पेटते ते तेव्हा मला ठाऊक होतं. त्यातलं एक अक्षर या दारचं त्या दारी नेलं नाही. असंच एक घर वाळीत पडलं होतं, तेव्हा मला बजावण्यात आलं की त्यांची पायरी चढायची नाही. मी म्हणालो, ‘‘टपाल सरकारचं आहे, माझं नाही.’’ विषय तिथंच संपला. आज वाटतं, त्यात माझं शौर्य काही नव्हतं. पाठीशी अख्खं पोस्ट खातं उभं होतं.

ग्रुपच्या पाठीशी कोणी नाही. नावावर बोट ठेवायचं, ‘काढून टाका’ दाबायचं, की झालं. समोरच्याच्या दारात जाऊन नजरेला नजर द्यावी लागत नाही.

मी पंचांना म्हणालो, विचार करतो. घरी आल्यावर पुतण्याशी बोललो. तो पुण्यात संगणकाचं काम करतो, त्याचा अशा गोष्टींवर फार विश्वास. म्हणाला, ‘‘काका, सगळं लेखी आहे, स्क्रीनशॉट काढा, तक्रार ऑनलाइन करा, दोन दिवसांत सरळ होतील.’’ शेजारचे जुने गावकर अगदी उलट. त्यांचं म्हणणं, गावात मोबाईल आला आणि गाव नासलं, आधी असं नव्हतं.

आधी असं नव्हतं? महाड आमच्यापासून फार लांब नाही. तिथल्या नगरपालिकेनं 1924 सालीच ठराव करून चवदार तळं सर्वांना खुलं केलं होतं. ठराव कागदावर राहिला. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले, पाणी प्याले, आणि त्यानंतर गावात अफवा उठली की ही मंडळी आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्या घेऊन जमाव निघाला, परतीच्या वाटेवरच्या माणसांना मारहाण झाली. ती अफवा पसरायला मोबाईल लागला नाही. पुढं 4 ऑगस्टला नगरपालिकेनं आपलाच ठराव मागं घेतला. खटला चालला आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला तेव्हा तळ्याचा हक्क पक्का झाला. त्याच महाडात सुरबानाना टिपणीस आणि अनंतराव चित्रे होते. दोघंही वरच्या जातीतले, दोघांनी गावाचा रोष पत्करून सत्याग्रहाला साथ दिली. गावकरांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, ‘‘ती मोठी माणसं.’’ मला हे उत्तर पटत नाही. त्यांनाही दुसऱ्या दिवशी त्याच बाजारातून जायचं होतं.

पुतण्याचं म्हणणंही मला पुरतं पटत नव्हतं, आणि त्याला कारण 2021 चा जुलै. 22 तारखेला महाबळेश्वरवर जो पाऊस कोसळला तो चोवीस तासांत सहाशे मिलिमीटरच्या घरात गेला. सावित्री तिथंच उगम पावते आणि पोलादपुरावरून महाडात जाते. महाडच्या बाजारपेठेत पाणी भरलं. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळीये इथं डोंगर उतरला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. आमच्या तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथंही दरड आली. आमच्याकडे वीज आधी गेली, मग टॉवर बंद पडले. तळहाताएवढा उजेड देण्यापलीकडे मोबाईलचा उपयोग उरला नाही. रस्ते तुटलेले, पाणी चढलेलं; जवळच्या गावात काय घडलं तेही आम्हाला उशिरा समजलं. त्या रात्री आम्ही चार-सहा जण घोंगडी-इरलं घेऊन घरोघर फिरलो, डोंगराच्या अंगाची माणसं उठवून शाळेत आणली. कोणाच्या दारात जायचं आणि कोणाच्या नाही, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

त्यानंतरच आमचा ग्रुप खऱ्या अर्थानं कामाचा झाला. तलाठी रेड अलर्ट टाकतात, पोलीस पाटील ओढ्याच्या पाण्याची खबर देतात. मधूनच कोणी डोंगराला भेग पडल्याचा भलत्याच गावचा फोटो टाकतं आणि बायाबापड्या रात्रभर जागतात. म्हणून पाटलांना विचारल्याशिवाय तसली खबर पुढं पाठवायची नाही, असा नियम मी केला. ज्या घराचे नंबर काढायचे होते, ते घर वाडीच्या वरच्या अंगाला, अगदी डोंगराला लागून आहे.

पंचांना मी एवढंच सांगितलं. कायदाही सांगितला: सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा 2016 चा, अमलात आला जुलै 2017 मध्ये, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. रायगड जिल्ह्यातली वाळीत प्रकरणं त्याआधी राज्यभर गाजली होती, हेही त्यांना ठाऊक होतं. उत्तर आलं, ‘‘तात्या, कायदा सांगू नका. तुम्हालाही गावातच राहायचंय.’’ खोटं कशाला बोलू, ते ऐकून पोटात गोळा आला. बायकोला संधिवात आहे, मुलं मुंबईला. उद्या माझ्या मयताला खांदा द्यायला कोण येणार, इथपर्यंत विचार गेला. तरी म्हणालो, माझ्या हातून नंबर जाणार नाहीत. हवं तर आधी मला अ‍ॅडमिनपदावरून काढा.

दोन दिवस कोणी बोललं नाही. मग तोड निघाली: वर्गणी, पालखी, हिशेब यांचा वेगळा ग्रुप त्यांनी केला, त्यात ते घर नाही, मीही नाही. पाऊसपाण्याचा ग्रुप जुनाच राहिला, सगळ्यांचा.

पुतण्या याला पळवाट म्हणतो. मी त्या घरी गेलो होतो, तक्रार द्यायची तर साक्षीला उभा राहतो म्हणालो. घरातली बाई चहा ठेवता ठेवता म्हणाली, ‘‘एवढ्यात नको भावोजी, पोरीचं लग्न व्हायचंय.’’ त्यांच्या वतीनं मी शूर होणं मला बरोबर वाटत नाही. कायदा त्यांच्यासाठी आहे, तो कधी वापरायचा हे त्यांनी ठरवावं. मला विचाराल तर निकाल अर्धाच लागला आहे. या शिमग्यालाही पालखी त्यांच्या दारात थांबली नाही.

महाड-पोलादपुरात डोंगराखाली वसलेल्या प्रत्येक वाडीचा आता असा एखादा ग्रुप आहे. ज्यांच्या हातात तो असेल त्यांना एवढीच विनंती: मिरग लागण्याआधी यादी एकदा उघडून पाहा. वरच्या अंगाचं एखादं घर तिच्यात नसेल, तर ते का नाही हे पंचांना विचारा, आणि विचारण्याआधी नंबर घालून ठेवा.